खपल्या अख्ख्या काढा

१

दर तीन महिन्यांनी, एका मंगळवारी, मी आणि माझा मेव्हणा पाइमिन बू तारसियेमच्या, म्हणजे तारसियेमबाईंच्या, टोफूच्या कारखान्यात बॉयलर साफ करायला जायचो. कारखाना म्हणजे एक कौलारू शेड, चार हौद, सोयाबीन दळायची चक्की आणि मागच्या अंगाला विटांच्या भट्टीवर आडवा ठेवलेला बॉयलर. बसलेल्या म्हशीएवढा. त्याच्या वाफेवर सोयाबीनचं दूध उकळायचं, ते फाडून टोफू व्हायचा आणि भल्या सकाळी बाजारात जायचा.

आमच्या गुनुंगकिदुलची सगळी जमीन चुनखडीची. पाणी दिसायला काचेसारखं, पण महिनाभर एका किटलीत उकळलं की आत पांढरं कवच धरतं. बॉयलरमध्ये ते बोटभर जाड होतं. मग आच पाण्याला पोचत नाही, लाकूड दुप्पट जळतं, आणि एखादी नळी तापून फुटली तर समोर उभा असलेला माणूस वाचत नाही. मी दोघांना तसं मेलेलं पाहिलंय. त्यामुळे हे काम मी कधी उरकायचं म्हणून उरकलं नाही.

रीत ठरलेली होती. सोमवारी दुपारी बू तारसियेम आग विझवून ठेवायच्या. मंगळवारी सकाळी सातला आम्ही तळाचा कॉक उघडून पाणी सोडायचो आणि पुढचं लंबगोल झाकण काढायचो. त्या भोकातून माणूस आत जाऊ शकत नाही. हात जातो, खांद्यापर्यंत. पाइमिनचे हात लांब, म्हणून खरवडायचं काम त्याचं. मी बाहेर बसून गाळ उपसायचो आणि खपल्या घमेल्यात टाकायचो. सोळा वर्षं हेच.

त्या मंगळवारी घमेल्यात एक खपली वेगळी पडली.

नळीवरची खपली पन्हळीसारखी असते, सगळीकडे सारखी वाकलेली. पत्र्यावरची जवळजवळ सपाट. ही दोन्हींतली नव्हती. बोटाच्या पेराएवढी, एका टोकाला बंद, पेनाच्या टोपणासारखी. मी ती उजेडाकडे धरून आत पाहिलं. आत बारीक रेघा होत्या, एकीभोवती एक अशा गोल गोल फिरत गेलेल्या.

"काय रे, कांग, सोनं लागलं का?" पाइमिन म्हणाला. आमच्याकडे थोरल्या भावाला कांग म्हणतात. मी मेव्हणा असूनही तो तसंच म्हणायचा.

"हातमोज्याचं बोट पडलं असेल आत. त्याच्यावर धरलंय."

"हातमोजे? इथं? बू तारसियेमनी आपल्याला सोळा वर्षांत दुसरा कप चहा दिला नाही, हातमोजे कुठले घेतात त्या!"

चक्कीजवळच्या बायका हसल्या. मीही हसलो. रबरी मोज्यांना पकडीसाठी रेघा असतात, असं मी स्वतःला सांगितलं आणि ती खपली बाकीच्यांत टाकली.

२

दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा म्बाह वाकिना घमेल्यापाशी उकिडवी बसलेली दिसली.

ही तिथली सगळ्यांत जुनी कामगार. पासष्ट तरी असेल. टोफूचे चौकोन पाडायचं काम तिचं. पट्टी न लावता पाडायची आणि एकही वाकडा जायचा नाही. बोलायची फार कमी. म्हाताऱ्या माणसाला आम्ही म्बाह म्हणतो, पण गावात ती चाळिशीची असल्यापासून लोक तिला म्बाह म्हणत आलेत असं माझी आई सांगायची.

"सार्जो, हे मी घेऊ?" तिनं मला विचारलं.

"घे की, म्बाह. चुनाच आहे. काय करणार, न्हाणीला लावणार?"

ती एकेक खपली उचलत होती, आत अंगठा घालून फिरवत होती आणि बाजूला ठेवत होती. ती टोपणासारखी तिच्या हाती आली तेव्हा तिनं डोळे मिटले. अंगठा बराच वेळ आत राहिला.

"हा नाही," ती म्हणाली. स्वतःशीच. मग ती खपली तिनं खांद्यावरच्या फडक्याच्या गाठीत बांधली आणि माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या वेळी फोडू नका हो. अख्ख्या निघतात का बघा."

"म्बाह, आम्ही काय उकडलेली अंडी सोलतोय का?" पाइमिन तोंडात घास घेऊन म्हणाला.

"तुझे हात चांगले आहेत," ती म्हणाली. "जमेल तुला."

निघताना मी बू तारसियेमना विचारलं, "पाणी बदललं का? थर वेगळाच दिसतोय."

"विहीर आटली ना कोरड्या दिवसांत. सागाच्या रानातल्या लुवेंगमध्ये पंप सोडलाय." लुवेंग म्हणजे जमिनीत उभं पडलेलं भोक. दगड टाकला तर आवाज यायला वेळ लागतो, इतकं खोल. खाली नदी वाहते. "बारमाही पाणी, सार्जो. आणि थंडगार. इतकी वर्षं कुणी वापरलं कसं नाही कोण जाणे."

"जाळी लावलीय?"

"दोन लावल्यात. मच्छरसुद्धा जायचा नाही."

मी मान डोलावली. कुणी का वापरलं नाही ते मला माहीत होतं. म्हणजे, माहीत नव्हतं. त्या रानाच्या बाजूला कुणी जायचं नाही एवढं लहानपणापासून ठाऊक होतं. बू तारसियेम लग्न होऊन शहरातून आलेल्या. मी सहा-सात वर्षांचा असताना एका वर्षी गावोगावी ट्रक यायचे. ट्रकमधून माणसं त्या रानाकडे जायची, परत यायची नाहीत. म्बाह वाकिनाला नवरा होता, कास्दी नावाचा, शाळेत शिकवायचा. तोही गेला. याच्यापुढचं आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही, आणि मीही माझ्या मुलांशी बोललेलो नाही.

३

पुढच्या तीन महिन्यांत बू तारसियेमचा दोनदा निरोप आला. वाफ धरत नाही. लाकूड ढिगानं लागतंय. आणि बॉयलर वाजतो.

"तापताना वाजतोच," मी सांगितलं. "लोखंड फुगतं."

"निवल्यावर वाजतो, सार्जो. पार गार पडल्यावर."

निवताना लोखंड आकसतं, तेव्हाही वाजतं. तसं मी म्हणालो. पण मंगळवारी गेलो तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बॉयलरवर हात ठेवला. माठासारखा गार होता. मी कान लावला. बराच वेळ काही नाही. मग आतून टक. थोडं थांबून टक टक. दगडावर नखानं वाजवावं तसं.

पाइमिन पाना घेऊन उभा होता. त्यानंही ऐकलं. "उंदीर," तो म्हणाला.

पाण्यात, वाफेत, दोन जाळ्यांच्या आत उंदीर. आम्ही पाणी सोडलं. पाणी आलं ते तांदूळ धुतल्यासारखं पांढरट, आणि गटारापाशी म्बाह वाकिना चाळण धरून बसलेली. बायकांनी सांगितलं, रोज सकाळी कॉकमधून गाळ सोडतात तेव्हा ती अशीच बसते. तीन महिने.

झाकण काढलं. पहिल्या अर्ध्या तासात साध्या खपल्या आल्या. मग पाइमिननं काही न बोलता एक तुकडा माझ्या हातात ठेवला. तो पातळ होता, शिंपल्यासारखा, कडेला दुमडलेला, आत वळणं घेत खोल गेलेला. माणसाचा कान कसा असतो ते मला माहीत आहे. तरी मी मनात म्हटलं, चुना कसाही धरतो. गुहांमध्ये त्याचे हत्ती होतात, देवळं होतात, लोक तिकीट काढून बघायला जातात.

मी तो तुकडा जमिनीवर ठेवला आणि टाचेनं दाबला. मला तो अख्खा नको होता.

मान वर केली तेव्हा म्बाह वाकिना माझ्या टाचेकडे पाहत होती. रागावली नाही. वाकून तिनं चुरा हातानं गोळा केला, जमिनीवर एक कणही ठेवला नाही.

४

पाइमिन काम करताना गप्प बसत नाही. बायको, सासू, फुटबॉल, गावच्या मुखियाची नवी मोटरसायकल, त्याचं तोंड चालूच असतं. त्यामुळे तो गप्प झाला हे मला लगेच कळलं.

त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत आत होता आणि गाल लोखंडाला टेकलेला.

"कांग," तो म्हणाला. "माझा हात."

"अडकला? कोपर वाकव. घाई करू नको."

"अडकला नाही. धरलाय."

मी त्याच्या हसण्याची वाट पाहिली. हा माणूस माझ्या बापाच्या मयतीतही थट्टा करून लोकांना हसवणारा. पण त्याचे डोळे माझ्यावर होते आणि ओठ पांढरे पडले होते.

"ओढतंय का?"

"नाही. नुसता धरलाय." त्यानं गाल लोखंडाला आणखी दाबला. "आजारी माणूस धरतो ना, जाऊ नको म्हणून. तसा."

मी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि मागं खेचलं. तो किंचाळला. "नको! जोर केला की अजून येतात, कांग. आता दोन आहेत. तिघं आहेत."

बायका धावत आल्या. बू तारसियेम आल्या. कुणी तेल आणा म्हणालं, कुणी साबण. म्बाह वाकिना सगळ्यांना बाजूला सारून पुढं आली, गुडघ्यांवर बसली आणि पाइमिनच्या काखेपाशी, जिथं बोटभर फट होती तिथं, तोंड नेलं. जुन्या बायका नवऱ्याशी किंवा पाहुण्यांशी ज्या अदबीनं बोलतात, त्या अदबीनं ती बोलली.

"सोडा त्यांना. ते तुमच्यातले नाहीत. त्यांना घरी जायचंय, बायको वाट बघतेय."

थोडा वेळ गेला. मग पाइमिन एकदम मागं कोसळला, माझ्या अंगावर.

त्याचा हात कोपरापर्यंत पांढरा झाला होता, पीठ लावल्यासारखा. फक्त मनगटाभोवती चार पट्टे तसे नव्हते. तिथं त्याची कातडी जशीच्या तशी, सावळी दिसत होती.

तो शेताच्या बांधावर जाऊन बसला आणि हात धूत राहिला. तो आजही माझ्या घरापलीकडे राहतो. कोंबड्या पाळतो. त्या दिवसानंतर त्यानं पान्याला हात लावलेला नाही, आणि माझी बहीण म्हणते झोपेत तो उजवी मूठ उघडत नाही.

५

साफ झालं की नाही हे बघायला माझ्याकडे एक छोटा गोल आरसा आहे, लांब दांडीवर बसवलेला. त्या दिवशी तो आत घालायला माझा हात धजत नव्हता. पण आत काय आहे हे न बघता झाकण लावणं मला जमलं नसतं. एखादं जनावर असेल, असं मी तेव्हाही स्वतःला सांगत होतो. घोरपड असेल. पाइमिनला झटका आला असेल.

मी बॅटरी लावली आणि आरसा आत सरकवला, बोटं बाहेर ठेवून.

आधी नुसतं पांढरं दिसलं. मग नजर बसली. नळ्यांच्या मधली जागा रिकामी असायला हवी होती, ती भरली होती. गोलाया होत्या, एकीला एक लागून. खांद्याला खांदा, गुडघ्यात डोकी, जागा कमी आणि माणसं जास्त असली की बसतात तशी. सगळं एकाच कवचात, कुठं एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळत नव्हतं. आरसा थरथरत होता म्हणून मला वाटलं ते हलताहेत.

मी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आरसा स्थिर झाला.

मी तो बाहेर काढला आणि उलटा करून जमिनीवर ठेवला.

६

"ॲसिड ओता," बू तारसियेम म्हणाल्या. "तुमच्याकडे असतं ना? हात घालायची गरजच नाही."

त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी पाइमिनला स्वतः गोड चहा करून नेला होता. पण दुसऱ्या दिवशी तीन लग्नघरांचा माल द्यायचा होता, आणि चौदा बायकांच्या चुली त्या शेडवर पेटत होत्या. आणि त्यांचं खरं होतं. तेवढ्या थरानिशी मी भट्टी पेटवू दिली असती तर नळी फुटली असती आणि त्या चौदांतल्या कुणाचं तरी अंग सोलून निघालं असतं.

"एक दिवस थांबा," म्बाह वाकिना म्हणाली. "मी काढते. माझे हात बारीक आहेत. मला काही करायचे नाहीत ते."

"म्बाह, त्या दगडांत तुम्हाला काय हवंय तरी काय?"

"सत्तावीस जण होते ट्रकमध्ये," ती म्हणाली. इतक्या साध्या आवाजात, जसं टोफूचे चौकोन मोजावेत. "सहा जण लागलेत माझ्या हाती, थोडे थोडे. डोंगापचा सुतार लागला, त्याचं बोट अर्धं होतं. त्यांच्यात तो नाही."

चक्की चालू होती ती कुणीतरी बंद केली. बू तारसियेमच्या तोंडावरून मला दिसलं की त्यांना आत्ता, या क्षणी कळलं, पंप कुठं सोडलाय ते. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

मग त्या म्हणाल्या, "सार्जो, ओता. लवकर."

"म्बाह, चुना आहे तो," मी म्हणालो. "पाण्यातला चुना. बाकी काही नाही."

"हो. चुनाच आहे. ओतू नकोस."

मी झाकण लावलं, वरच्या नळकांड्यातून पाणी भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि ॲसिडचे दोन्ही कॅन रिकामे केले. मला ते संपवायचं होतं. कारण विचारलंत तर एवढंच सांगता येईल.

७

ॲसिड चुन्याला लागलं की फसफसतं. सोडा फुटल्यासारखा आवाज येतो, चढतो आणि तासाभरात मरत जातो. तो मेला की काम झालं.

शेड रिकामी केली होती, वास घशाला लागतो म्हणून. मी वाऱ्याच्या बाजूला उभा होतो. म्बाह वाकिना मात्र बॉयलरला कान लावून बसली. मी दोनदा तिला उठवायला गेलो. तिनं नुसता हात वर केला, गोंगाट करणाऱ्या पोराला थांबवावं तसा.

तासाभरानं आवाज मेला नाही. तो तुटक व्हायला लागला. एकदा वाढायचा, थांबायचा, मग दुसरीकडून, थोडा जाड, थोडा बारीक. आत थर कमीजास्त असेल तर असं होतं. प्रत्येक वेळी ती मान हलवायची.

"हा नाही," ती म्हणायची. थोड्या वेळानं, "हा पण नाही."

मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं. तरी मोजलं. विसाव्या वेळेनंतर ती मान हलवायची थांबली.

ती ताठ बसली. कपाळावरचे केस मागं सारले, अंबाडा नीट केला, खांद्यावरचं फडकं सरळ केलं. मग लोखंडाला ओठ टेकवून हळू बोलायला लागली. काय ते मला ऐकू आलं नाही. आतून आवाज आला, छोटासा, शेवटाला वर जाणारा, माणूस काही विचारतो तसा. बुडबुडाही तसा वाजू शकतो.

ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, आणि त्या चेहऱ्याचीच मला भीती वाटली. "पाणी सोडू नकोस. एवढ्यात नको."

माझा हात कॉकवर होता. वेळ झाली होती. आणखी ठेवलं तर ॲसिड लोखंड खातं. सोळा वर्षं मी हे लोकांना सांगत आलोय. मी कॉक फिरवला.

पाणी दुधासारखं निघालं. ते फसफसतच गटारात पडलं आणि उताराला लागलं. म्बाह वाकिना उठली, शेडच्या बाहेर आली आणि गटाराच्या कडेनं चालायला लागली. आधी चालली, मग पाण्याच्या वेगानं पळायला लागली, वाकून, हातात चपला, सारखी बोलत. केळींच्या मागं गटार एका भेगेत शिरतं आणि जमिनीत गडप होतं. तिथवर मला ती दिसली.

मी झाकण उघडलं आणि आरसा आत घातला. काळं स्वच्छ लोखंड, नळी न् नळी मोकळी. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. बू तारसियेमनी त्याच दुपारी माणसं पाठवून लुवेंगमधला पंप काढून घेतला आणि टँकरचं पाणी मागवलं. तसं त्यांनी मला सांगितलं नाही, बायकांकडून कळलं.

मी सामान बांधत होतो तेव्हा म्बाह वाकिना परत आली. पाय चिखलानं भरलेले, हात पांढरे. ती बांधावर बसली. मी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि बसलो. माफी कशी मागतात ते मला सुचेना.

"तोच होता का, म्बाह?"

तिनं मान डोलावली. तोच होता.

"बोलला काही?"

तिनं आपले पांढरे हात मांडीवर उपडे ठेवले.

"फार सभ्य होता तो," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांशी तर फारच. बावीसचाच आहे ना अजून. मला म्हणाला, म्बाह, तेवढं वाकिनाला बोलावता का?"